पगाराचा आकडा: सांगणाऱ्याचा एक, ऐकणाऱ्याचा दुसरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओळखीतला तिशीतला एक जण "मला चाळीसचं पॅकेज आहे" हे चारचौघांत बिनदिक्कत सांगतो, आणि त्याची पाठ वळली की सगळे नाकं मुरडतात. हा नुसता जळफळाट आहे की सांगणाऱ्याचं खरंच काही चुकतं? आणि सांगायचंच झालं तर कुणाला, किती, कसं?

जळफळाट असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पगाराच्या आकड्यांत रोज वावरणाऱ्याला आधी वेगळीच गोष्ट दिसते. सांगणारा एक आकडा सांगत असतो, ऐकणारा दुसराच ऐकत असतो, आणि पुढची बरीचशी कटुता त्या दोघांमधल्या फरकावर पोसली जाते. म्हणून माणसांच्या स्वभावाकडे नंतर येऊ. आधी ते चाळीस लाख फोडून पाहू.

ऐकणारा मनातल्या मनात चाळीस लाखांना बाराने भागतो. महिन्याला ३ लाख ३३ हजार. आता ऑफर लेटरचं शेवटचं पान उघडा, जिथे पगाराचा तक्ता असतो. नेहमी दिसणारी एक रचना घेऊ: फिक्स (ठरलेला) ३० लाख, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा) ४ लाख, आणि चार वर्षांत मिळून २४ लाखांचे शेअर, म्हणजे वर्षाला ६ लाख. झाले चाळीस. यातले फिक्सचे तीस तरी खात्यात येतात का? बेसिक (मूळ वेतन) १५ लाख धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १ लाख ८० हजार, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ७२ हजार १५०, आणि गट विम्याचा हप्ता समजा २० हजार, एवढं या तिसांतच मोजून ठेवलेलं असतं. ४.८१ हा विचित्र आकडा येतो कुठून, तर नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा या नियमातून: १५ भागिले २६, त्याला पुन्हा १२ ने भागा.

हे गेल्यावर उरतात २७ लाख २७ हजार ८५०. पगारपावतीवर वर्षभरात 'ग्रॉस' म्हणून दिसतं ते हे. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १ लाख ८० हजार. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० (दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे). राहिला प्राप्तिकर. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, २४ लाखांपर्यंतच्या टप्प्यांचा कर ३ लाख होतो, त्यावरच्या २ लाख ५२ हजार ८५० वर ३० टक्के, आणि सगळ्यावर ४ टक्के उपकर. एकूण ३ लाख ९१ हजारांच्या जवळ. वजाबाकी संपली की वर्षाला साडेएकवीस लाख उरतात. महिन्याला १ लाख ७९ हजार ५००.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात ३ लाख ३३ हजार, सांगणाऱ्याच्या खात्यात १ लाख ८० हजार. हॉटेलात सहा जणांचं बिल आलं की तो फोन काढून प्रत्येकाकडून दोनशे त्र्याऐंशी रुपये मागतो, आणि टेबलावरचे पाच जण एकमेकांकडे बघतात. एवढा पगार, आणि दानत बघा! त्याच्या बाजूने बघितलं तर घराचा पंच्याऐंशी हजारांचा हप्ता जाऊन त्याच्याकडे पंचाण्णव हजार उरलेले असतात. चांगले पैसे आहेत, रडण्यासारखं काहीच नाही. पण टेबलावरच्यांनी ज्या माणसाचा हिशेब मांडला तो हा माणूस नव्हे.

व्हेरिएबल आणि शेअरचं काय, हेही सांगायला हवं, कारण फुगवटा इथेच असतो. व्हेरिएबल वर्षातून एकदा किंवा दोनदा येतं आणि कंपनीचा धंदा व स्वतःची रेटिंग यांवर ठरतं. चारपैकी ८० टक्के मिळालं तर ३ लाख २० हजार, आणि या पातळीवर वरच्या प्रत्येक रुपयावर उपकरासह ३१.२ टक्के कर, म्हणजे हातात २ लाख २० हजार. शेअर मोजलेले असतात ऑफरच्या वेळच्या भावाने. वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर बहुतेक योजनांत एकही मिळत नाही. जमा होतात त्या दिवशीच्या भावाने ते पगारच धरून त्यावर कर लागतो, आणि अनेकदा त्यातलेच जवळपास तिसरा हिस्सा शेअर विकून तो कर भरला जातो. दरम्यान भाव निम्म्यावर आला तर चाळीसचे सदतीस होतात, पण चारचौघांत आकडा चाळीसच राहतो. बाजारात न उतरलेल्या स्टार्टअपचे ईसॉप (कर्मचाऱ्यांना शेअर घेण्याचा दिलेला हक्क) असतील तर विकायलाही गिऱ्हाईक नसतं. आणि जॉइनिंग बोनस! तो एकदाच येतो, पण सांगणारे बेधडक वार्षिक पगारात धरतात. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर कंपनी बरेचदा करपूर्व पूर्ण रक्कम परत मागते, हातात मात्र कर कापून आलेली असते.

थोडक्यात, 'पॅकेज' सांगणारा खोटं बोलत नसतो. तो नियोक्त्याचा खर्च सांगतो आणि त्याला स्वतःची कमाई म्हणतो. पॅकेजलाच सीटीसी म्हणतात, आणि 'कॉस्ट टू कंपनी' या शब्दांचा अर्थच मुळी कंपनीला पडणारी किंमत असा आहे.

परदेशातल्या आकड्याचा हाच घोळ आणखी मोठा. अमेरिकेतल्या दीड लाख डॉलरला इथल्या भावाने गुणून कोटीच्या पुढचा आकडा निघतो आणि सदाशिव पेठेत तो सदाशिव पेठेतल्या भाजीच्या दराने ऐकला जातो. दुबईत उलट: तिथे पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथला आकडा इथल्या तेवढ्याच सीटीसीपेक्षा बराच जड असतो, आणि तो सांगणारा सहसा हे सांगायला विसरत नाही.

आता स्वभावाकडे. आपल्याकडे पगार हे कायमचंच गुपित होतं, अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. सरकारी नोकराचा पगार गल्लीला पाठ असायचा आणि आजही असतो. सातव्या वेतन आयोगाचा केंद्राचा तक्ता घ्या: लेव्हल १ चं सुरुवातीचं मूळ वेतन १८,०००, लेव्हल १० चं ५६,१००. पद आणि नोकरीची वर्षं कळली की महागाई भत्त्यासकट पगार कागदावर काढता येतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम ४ तर प्रत्येक अधिकाऱ्या-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावं असंच सांगतं. कारखान्यांत तेच. पिंपरी-चिंचवड, सातपूर-अंबड, वाळूज या पट्ट्यांत युनियनचा वेतनकरार झाला की दरमहा किती हजारांची वाढ, ती किती वर्षांत विभागून, हे गेटवरच्या सभेत जाहीर होतं, गुलाल उधळला जातो, दुसऱ्या दिवशी पेपरात आकड्यासकट बातमी येते. त्या माणसाला कुणी मिजासखोर म्हणत नाही, कारण तो आकडा पदाचा आहे, सगळ्यांनी मिळून मिळवलेला आहे.

आयटीत, वित्तीय कंपन्यांत, सल्लागार कंपन्यांत आकडा एकेकट्याने घासाघीस करून ठरतो. त्यामुळे तो सांगणं म्हणजे 'बाजारात माझी किंमत एवढी' असं सांगणं होतं, आणि ऐकणाऱ्याला त्यात 'तुझी तेवढी नाही' हे न बोललेलं वाक्य ऐकू येतं. तिथे मग उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणून माणूस आपली सोडवणूक करून घेतो. बोलणारा मात्र उथळच असेल असं नाही. साधी माहिती दिली असंही तो समजत असेल.

यात आपला दुटप्पीपणाही आहे. 'बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये' हे ज्या मावशींनी शिकवलं, त्याच मावशी लग्नाच्या पंगतीत पुढच्या पानावरच्या मुलाला "मग पॅकेज किती?" विचारतात. विचारलेलं चालतं, आपण होऊन सांगितलेलं चालत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. तिला फक्त 'महिन्याला' हा शब्द जोडायचा राहिला आहे.

बाईने आकडा सांगितला तर प्रतिक्रिया आणखी तिरकी येते. पुरुषाला 'फार शहाणा समजतो' एवढ्यावर सोडतात, तिला लगेच पुढचा प्रश्न येतो: "आणि नवऱ्याला?" स्थळ बघताना मुलीचा पगार मुलापेक्षा चार-पाच लाखांनी जास्त निघाला तर काही घरं बोलणी तिथेच थांबवतात, कारण मात्र पत्रिकेचं देतात. परिणामी अनेक जणी आकडा खाली ओढून सांगतात, आणि कामाच्या ठिकाणीही तीच सवय लागते: अपेक्षित पगार विचारला की बाजारभावापेक्षा कमी सांगितला जातो. या सवयीची किंमत वर्षानुवर्षं चक्रवाढीने मोजावी लागते.

सगळ्यात जास्त आग पेटते ती एकाच टीममध्ये, आणि तिथे राग निराधार नसतो. हिशेब बघा. दोघं एकाच दिवशी ६ लाखांवर लागले. पहिला तिथेच राहिला, दरवर्षी ८ टक्के वाढ. सहा वर्षांनी साडेनऊ लाख. दुसऱ्याने त्या सहांपैकी दोन वेळा नोकरी बदलून प्रत्येकी ३५ टक्के मिळवले, बाकी चार वर्षं तेच ८ टक्के. तो १४ लाख ८८ हजारांवर. आता दुसरा फिरून पहिल्याच कंपनीत, पहिल्याच्या शेजारच्या खुर्चीवर येतो. काम तेच, अनुभव तेवढाच, फरक सव्वापाच लाखांच्या वर. पहिल्याला हे ज्या दिवशी कळतं त्या दिवशी तो दुसऱ्याला शिव्या देतो. खरं तर वाढ द्यायला बजेट नाही आणि बाहेरून माणूस आणायला आहे, हा कंपनीचा कारभार आहे. आकडा बोलून दाखवणारा इथे फक्त निरोप्या.

या विषयावर बाहेर नीट अभ्यास झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे पगार एका संकेतस्थळावर पाहता येत होते. काही कर्मचाऱ्यांना त्या सोयीची माहिती देऊन नंतर त्यांची मतं घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की आपल्या विभागात मध्याच्या खाली असलेल्यांचं समाधान घटलं आणि नवी नोकरी शोधण्याची इच्छा वाढली, वरच्यांना मात्र विशेष आनंद झाला नाही. म्हणजे आकडा कळल्याने खालच्याला बोचतं, वरच्याला सुखावत नाही. नॉर्वेत तर २००१ पासून कुणाचंही करपात्र उत्पन्न इंटरनेटवर शोधता येऊ लागलं. २०१४ पासून तुमचं उत्पन्न कुणी पाहिलं हे तुम्हाला दिसू लागलं, आणि शोध एकदम घटले. लोकांना दुसऱ्याचा आकडा हवा असतो, पण तो बघताना आपण दिसायला नको असतो. फिनलंडमध्ये करविषयक यादी दर नोव्हेंबरला खुली होते, त्या दिवसाला तिकडचे लोक गमतीने मत्सर दिनच म्हणतात. तेव्हा नाक मुरडणं ही मराठी माणसाची खास मक्तेदारी नव्हे.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९३५ च्या कामगार कायद्याने बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांना आपसांत पगार बोलण्याचं संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार, भेदभाव आहे का हे तपासायला पगाराची चर्चा केली तर गुप्ततेची अट लागू करता येत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला पगाराचा पट्टा आधी सांगायचा आणि त्याचा जुना पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली गेली. आपल्याकडे भरती करणाऱ्याच्या फोनवरचे पहिले तीन प्रश्न अजून ठरलेले आहेत: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड. पगार बोलण्याचा हक्क थेट शब्दांत देणारा कायदा भारतात नाही, आणि नेमणूकपत्रात 'मोबदला गोपनीय ठेवावा' हे कलम सर्रास असतं. दुसरीकडे, समान किंवा तत्सम कामासाठी लिंगाधारित भेद करायचा नाही, हे वेतन संहितेचं कलम ३ सांगतं. शेजारच्याचा आकडाच माहीत नसेल तर तो भेद दाखवायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

तरी काही दारं उघडी आहेत. सूचिबद्ध कंपनीला कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ खाली संचालकांचा पगार मध्यम कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मध्ये येणाऱ्याच्या) किती पट आहे हे वार्षिक अहवालात द्यावं लागतं. सर्वाधिक पगाराच्या दहा जणांचा आणि वर्षाला १ कोटी २ लाख किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांचा तपशीलही नोंदवावा लागतो. हे परिशिष्ट छापील अहवालात बरेचदा नसतं, पण भागधारकाने मागितलं की द्यावं लागतं. पगाराच्या गप्पा मारण्यापेक्षा मध्यम पगाराची ती एक ओळ वाचली तर आपण कुठे आहोत हे जास्त कळतं.

आता कुणाला काय सांगायचं. समान हुद्द्याच्या सहकाऱ्याशी बोलावं, जरूर बोलावं, पण देवघेव दोन्ही बाजूंनी आणि एकाच मापाने. "तुझं फिक्स किती, बेसिक किती टक्के, व्हेरिएबल गेल्या वेळी किती टक्के आलं" असं विचारा आणि आधी स्वतःचं सांगा. एकाने सीटीसी आणि दुसऱ्याने इनहॅण्ड सांगितलं की दोघंही दुःखी होऊन उठतात. हे बोलणं चहाच्या टपरीवर करा, ऑफिसच्या चॅटवर नको. ती नोंद कंपनीच्या ताब्यात असते. आणि दुसऱ्याचा आकडा मॅनेजरसमोर कधीही नावानिशी काढू नका. "अमक्याला अठ्ठावीस आहेत" म्हटलं की चर्चा तुमच्या पगारावरून घसरून 'तुम्हाला हे कुणी सांगितलं' यावर जाते, आणि ज्याने विश्वासाने सांगितलं तो अडचणीत येतो. त्याऐवजी "या भूमिकेला बाजारात चोवीस ते अठ्ठावीस फिक्स चालू आहे, आपल्या बँडचा मध्य काय आणि मी त्यात कुठे आहे?" असं विचारा. बँड म्हणजे एका हुद्द्यासाठी ठरवलेला पट्टा. मध्य २० लाख असेल तर साधारण ८० ते १२० टक्के, म्हणजे १६ ते २४ लाख, असा पट्टा सर्रास ठेवतात. म्हणून त्याच हुद्द्यावर दोघांत तीन लाखांचा फरक दिसला की लगेच अन्याय ठरत नाही. तुम्ही सलग तीन वर्षं चांगली रेटिंग घेऊन १६ वरच असाल तर मात्र बोलायला भक्कम जागा आहे. वेळही महत्त्वाची. वाढ एप्रिलमध्ये होत असेल तर हे बोलणं डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवं. पत्र हातात पडल्यावर भांडून उपयोग कमी, तोवर बजेट वाटून झालेलं असतं.

ज्युनिअरला आपला आकडा सांगून त्याचं भलं होत नाही, त्याच्या पुढच्या पायरीचा पट्टा सांगून होतं. "चार वर्षांच्या अनुभवाला अमुक तंत्रज्ञानात चौदा ते अठरा मिळतात, एचआरने पहिला आकडा बारा सांगितला तर घाबरू नकोस" हे वाक्य त्याला दोन लाख मिळवून देऊ शकतं. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्यांचं पॅकेज कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून राहिलं आहे; त्या मुलांसमोर "मला चाळीस" म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला मेन्यूकार्ड वाचून दाखवणं.

नातेवाइकांत खरी कसोटी. आकडा एका घरातून दुसऱ्या घरात जाताना वाढतो, कमी कधीच होत नाही. चाळीसचे पन्नास होतात, 'वर्षाला' गळून पडतं. मग वर्ष-सहा महिन्यांत उसने मागणारा पहिला फोन येतो, आणि नाही म्हटलं की आकडा पुराव्यासारखा समोर ठेवला जातो. म्हणून "पगार किती रे?" याला "काका, हप्ता जाऊन व्यवस्थित चालतं, तुमचा आशीर्वाद" हे उत्तर पुरतं. पुन्हा विचारलंच तर हातात येणाऱ्या रकमेचा ढोबळ पट्टा सांगावा, सीटीसी नाही. उगाच गरिबीही गाऊ नये. गाडी दारात उभी करून 'कुठलं काय, भागत नाही' म्हणणारा माणूस आकडा सांगणाऱ्यापेक्षा जास्त डोक्यात जातो.

गावात तर आकड्याचं मापच बदलतं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. वर काढलेला १ लाख ७९ हजार ५०० चा महिना म्हणजे सुमारे ३४ क्विंटल. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर चार एकरांहून थोडं जास्त, बियाणं, फवारणी, मजुरी, मळणी काहीही वजा न करता, आणि हमीभाव मिळालाच असं धरून. चुलतभावाचा अख्खा खरीप तुमच्या एका महिन्यात बसतो. हा गुणाकार तो तुमच्यासमोर करत नाही, पण पारावरून घरी जाईपर्यंत त्याचा करून झालेला असतो. जत्रेची पावती फाडताना समितीनेही तो केलेला असतो. गेल्या वर्षीचे एक हजार एक यंदा अकरा हजार एक का झाले, याचं उत्तर तिथे आहे.

लग्नाच्या बायोडाटात मात्र झाकपाकही नको आणि फुगवटाही नको. 'पॅकेज ४० लाख' लिहिण्याऐवजी फिक्स पगार, महिन्याला हातात येणारी रक्कम आणि चालू कर्जाचा हप्ता, या तीन ओळी लिहा. समोरच्यांनी खात्री करायची तर गेल्या वर्षीच्या विवरणपत्रातलं उत्पन्न आणि शेवटच्या तीन पगारपावत्या बघाव्यात. नुसतं ऑफर लेटर पुरेसं नाही, कारण त्या नोकरीत माणूस अजून आहे का हे त्यावरून कळत नाही. साखरपुड्यानंतर शेअर आणि व्हेरिएबलचं गणित उलगडलं की 'फसवणूक' हा शब्द येतो, आणि तो पुढे कितीही वर्षं मागे लागतो.

घरातल्या घरात गुप्तता सर्वांत महागात पडते. बायकोला किंवा नवऱ्याला, आणि आईवडील अवलंबून असतील तर त्यांनाही, पूर्ण आकडा माहीत हवा. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास पीएफ सदस्याच्या वारसाला ईडीएलआय योजनेतून ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, अनेक कंपन्यांचा गट आयुर्विमा वेगळा. हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, कारण पगारपावती कधी घरी उघडलेलीच नसते. यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक), ई-नॉमिनेशन (पीएफसाठी वारसाची ऑनलाइन नोंद) झालं आहे का, डिमॅट (शेअरचं खातं) कुठे आहे, एवढं एका वहीत लिहून ठेवायला अर्धा तास लागतो. लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन असेल तर ते लग्नानंतर बाद ठरतं, पीएफसाठी नव्याने भरावं लागतं.

समाजमाध्यमांवर नवीन ऑफरचा किंवा पगारपावतीचा फोटो टाकण्यात मिळकत काहीच नाही. त्या पावतीवर पॅन, यूएएन, बँक खात्याचे आकडे आणि कर्मचारी क्रमांक असतो. फसवणुकीचा फोन करणाऱ्याला 'तुमच्या अमुक कंपनीच्या पगारखात्यावरून बोलतोय' म्हणायला एवढं साहित्य भरपूर झालं. घर भाड्याने घेताना पावती द्यावीच लागली, तर घरमालकाला पॅन, यूएएन आणि खातं झाकलेली प्रत द्या. झाकणी फोनच्या अर्धपारदर्शक हायलायटरने करू नका, फोटोची चमक वाढवली की खालचे आकडे दिसतात. कागदावर काळी पट्टी चिकटवा, मग फोटो काढा, आणि आडवं लिहा: 'फक्त भाडेकरारासाठी', खाली तारीख.